कुंकवाच्या पाच भेंड्या

शालूबाईंच्या वावरात भेंडी तोडायची तर आधी आपलं मधलं बोट भेंडीला लावून बघावं लागतं. बोटाएवढी झाली असेल तरच तोडायची. एक दिवस उशीर झाला की ती जून होते, आणि जून भेंडी विमानात बसत नाही. म्हणून दिवसाआड पहाटे साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवून, हातात मोजे घालून बाई भेंडीच्या दोन ओळींमधल्या तासात उभी. आपल्या सेलू तालुक्यातली भेंडी दुबईला पोचवायची, हे आमच्या गावात पहिल्यांदा त्यांनी मनावर घेतलं. मागून आम्ही दहा घरं लागलो. मी तानबा, त्यांच्या बांधाला बांध लागून माझं वावर, आणि त्या दहांत मीही होतो. पुढे जे झालं त्यात माझी वागणूक काही शोभेची नव्हती, पण सांगायचं तर सगळंच सांगतो.

आमच्याकडे पहिल्या तोड्याची रीत आहे. पहिली टोपली भरली की वरच्या पाच भेंड्यांना कुंकू लावायचं, हात जोडायचे, मग त्या पाच काढून बांधावरच्या देवापाशी ठेवायच्या. शालूबाईंची सासू हे करायची, त्या करत आल्या. मागच्या उन्हाळी पिकाच्या पहिल्या तोड्याला माल न्यायला येणारी नागपूरची गाडी तासभर आधी येऊन उभी राहिली. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, सून सुरभी धावतपळत खोके भरतेय, आणि त्या गडबडीत कुंकू लावलेल्या पाचही भेंड्या खोक्यात गेल्या.

तिकडे दुबईत कुणीतरी दुकानात उभं राहून त्या लाल डागांचा व्हिडिओ काढला. या भेंडीला विषारी रंग मारतात, असं बोलला. खोक्यावर आमच्या गावाचं नाव छापलेलं होतं, तेही त्याने जवळून दाखवलं. तिसऱ्या दिवशी तो व्हिडिओ आमच्याच मोबाईलवर फिरून आला.

भेंडी थांबली. फक्त शालूबाईंची नाही, अकराही घरांची. नागपूरच्या व्यापाऱ्याचा माणूस अश्विन, पोरगा तसा सरळ, त्याने नमुने तपासायला पाठवले. अहवाल स्वच्छ आला. पण व्हिडिओ लाखांनी पाहिला होता, अहवाल आम्ही अकरा घरांनी आणि अश्विनने पाहिला. पुढे तर सेलूच्या बाजारात आपलीच माणसं, ज्यांच्या घरी रोज कुंकू लावतात ती, भेंडी उलटीपालटी करून विचारू लागली की ही ती दुबईवाली तर नाही ना. माझं डोकंच फिरलं. आणि राग काढायला समोर कोण होतं, तर शालूबाई.

मारुतीच्या पारावर बैठक बसली. अश्विनने तोडगा आणला होता. खोक्यावरचं गावाचं नाव बदलायचं, दुसऱ्या तालुक्यातलं एक गाव टाकायचं, आणि कुणी विचारलंच तर एका मजूर बाईने नकळत केलं म्हणून सांगायचं. माल आठवड्यात सुरू होईल, असं तो म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी सगळ्यांत मोठ्याने बोललो. एका बाईच्या देवधर्मापायी अकरा घरांनी बसून राहायचं का, असं मी त्यांच्या तोंडावर विचारलं. आज आठवलं की कान गरम होतात.

शालूबाई उठल्या. आवाज चढवला नाही.

"चूक माही हाय, भाऊजी. कुंकू खायची चीज नाई, ते खोक्यात गेलं, मी इसरली. पण इसरली म्हणून मी इख घातलं असं होत नाई. आन् जी मजूरबाई वावरात आलीच नाई, तिच्या माथ्यावर हे काऊन टाकता?"

मग अश्विनकडे वळल्या. "दुसऱ्या गावाचं नाव लावून पाठवशीन, तर माह्या वावरातली एक भेंडी तुले भेटनार नाई. तुमी दहा घरं पाठवा, मी आडवी येत नाई."

आणि चालत्या झाल्या. आम्ही दहा घरं पाठवू शकत होतो. पण अश्विनला गाडी भरायला त्यांचीच भेंडी लागायची, अर्ध्याहून जास्त माल त्यांचा. तोडगा तिथेच बारगळला. गावाने त्यांच्याशी बोलणं टाकलं, मीही टाकलं.

बाईने तोडा मात्र एक दिवस चुकवला नाही. पूर्ण उन्हाळा दिवसाआड भेंडी तोडून सेलूच्या बाजारात जाऊन बसायच्या. पुढे पुठ्ठा, त्यावर सुरभीच्या अक्षरात: हीच ती दुबईवाली भेंडी. येणाऱ्याला तपासणीचा कागद दाखवायच्या, काय चुकलं तेही सांगायच्या. पहिल्या आठवड्यात लोक हसून पुढे जायचे. नंतर थांबायला लागले. मे महिन्यात मी स्वतः पाहिलं, दुपारच्या आत टोपल्या रिकाम्या व्हायच्या, आणि शेजारी बसलेला मी माझी भेंडी तशीच घेऊन परत यायचो.

अश्विननेही ते पाहिलं. त्याने शालूबाईंकडून काय चुकलं त्याच्या चार ओळी लिहून घेतल्या, पुठ्ठ्यासकट त्यांचा फोटो काढला आणि दोन्ही दुबईच्या दुकानदाराला पाठवलं. दोन महिने काही उत्तर नाही. मग आलं. माल घेतो म्हणाला, पण थोडा, आणि खोक्यावर गावासोबत पिकवणाऱ्याचं नावही हवं, म्हणजे विचारायचं कुणाला ते कळेल. बदनाम झालेलं नाव पुसायला निघालेलो आम्ही, आणि गिऱ्हाईक नाव मागत होतं.

पावसाळी पिकाचा पहिला तोडा झाला तेव्हा सगळं गाव बांधावर उभं होतं. अश्विन नवे खोके घेऊन आला. शालूबाईंनी खोक्यावरच्या आपल्या नावावरून बोट फिरवलं. मग टोपलीपाशी बसून कुंकवाची डबी उघडली.

अश्विन कसनुसा झाला. "काकू, यंदा राहू द्या ना कुंकू. कायले जोखीम घ्यायची?"

"कुंकू लागनार," त्या म्हणाल्या. "लाज वाटावी असं मी काई केलं नाई."

पाच भेंड्यांना कुंकू लावलं, हात जोडले. मग त्या पाच उचलून सरळ माझ्यापुढे आल्या. बैठकीनंतर चार महिन्यांत आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो.

"मोजा, भाऊजी. जोरानं."

मी ओंजळ पुढे केली. एकेक भेंडी मोजली, साऱ्या गावाला ऐकू जाईल अशी.

"पाच भरल्या ना?"

"भरल्या, वहिनी. माहं बी चुकलंच."

"ठेवा मंग देवापाशी," त्या म्हणाल्या, आणि वळून ड्रायव्हरला गाडी सोडायला सांगितलं.