स्टुलावरचं पोहणं

नवीन पुस्तकं आली म्हणून परवा अमरावतीच्या वाचनालयात गेले. चित्रकला, फोटोग्राफी, खेळ, सगळं टेबलावर मांडलेलं. पोहण्याचं एक पुस्तक सहज उघडलं आणि गुळगुळीत कागदाच्या त्या कोऱ्या वासानं मला थेट अकोल्याच्या आमच्या अंगणात नेलं.

असंच एक नवंकोरं पुस्तक तेव्हा आईनं वाचनालयातून आणलं होतं. अकोल्यात नळ आला की गल्लीत धावपळ उडायची. तिथं पोहायला पाणी कुठलं! आईनं स्वयंपाकघरातलं स्टूल अंगणात मांडलं, पदर खोचला आणि त्यावर पालथी पडून हातपाय मारू लागली. बाबा वकील. कोर्टात वाचावं तशा खणखणीत आवाजात ते भराभर सूचना वाचत होते.

"अहो, हळू वाचा ना," आई धापा टाकत ओरडली, "मी बुडून राहिली इथं!"

मी हसून हसून लोळले. मोर्शीजवळच्या तिच्या गावी भाऊ विहिरीत उड्या मारायचे आणि काठावर बसून त्यांचे कपडे सांभाळायचं काम तिच्याकडे असायचं, हे मला फार नंतर कळलं. बाबांना तेव्हाही ठाऊक असणार. ते हसले नाहीत. पान मागे उलटून पुन्हा पहिल्यापासून, हळू वाचू लागले.

आता बाबा नाहीत आणि आई खाटेवरून फारशी उठत नाही. पुस्तक घरी आणलं, तिच्या उशाशी बसून मोठ्यानं वाचायला घेतलं. दुसऱ्या ओळीला गोधडीखाली तिचे पाय हलले.