सकाळ लिहायला सांगणारे मास्तर

लढाईनंतर सातारला आमच्या शाळेत लागलेले ड्रिलमास्तर पलटणीबरोबर बेचिराख हिरोशिमात राहून आले होते. "सावधान" म्हणून ते अजिंक्यताऱ्यावरच्या धुक्याकडे बघत राहायचे आणि "विश्राम" म्हणायचं विसरायचे. एकदा कवायत थांबवून त्यांनी आम्हा मॅट्रिकच्या मुलामुलींना सावलीत बसवलं.

"शांततेवर लिवा. अणुबॉम्बनं झालेली राख मी बघितली हाय. तुमी त्याच्या आदुगरची सकाळ लिवा. आपल्यासारखीच आसंल ती."

मी धाकट्या बहिणीची वेणी घालणारी आई लिहिली, बहिणीच्या परकराचा रंगसुद्धा. वाचता वाचता थांबले.

"फुडं?"

"मास्तर, आता बॉम्ब पडायचा. बहिणीला तिथं ठेववत नाही."

मास्तर हळूच म्हणाले, "वेणी पुरी कर, पोरी. तवर आमी थांबतो."