दोन पास आणि कागलची मंडळी

आमची मुलगी पुण्याला डिझाइनच्या कॉलेजात शिकते. म्हणजे नक्की काय शिकते, हे आम्ही नातेवाइकांना दोन वर्षं समजावून सांगतो आहोत आणि दर वेळी शेवटी 'कॉम्प्युटरचंच कायतरी' म्हणून विषय सोडून देतो. गेल्या थंडीत एका संध्याकाळी तिचा फोन आला. कॉलेजात पालकांसाठी शनिवार-रविवार ठेवलाय, मुलांच्या कामाचं प्रदर्शन आहे, घरच्यांनी यावं असं कॉलेजचं म्हणणं आहे.

"पण यायलाच पाहिजे असं काही नाही हं, आई," ती म्हणाली. "दगदग होणार असेल तर राहू दे. सुट्टीत मी घरी येतेच आहे."

फोन स्पीकरवर होता. आमच्याकडं तो स्पीकरवरच असतो. कानाला लावून बोललं की घरातल्या बाकीच्यांना अपमान वाटतो. आमचे हे शेजारीच बसले होते. मी फोन ठेवला.

"'येते' म्हणाली," ते म्हणाले.

"मग?"

"आधी 'येतो' म्हणायची."

खरं होतं. कोल्हापुरात पोरीबाळी काय, बायका काय, सगळ्या 'मी आलो, मी चाललो' असंच बोलतात. मी शाळेत मराठी शिकवते. फळ्यावर 'मी गेले' लिहिते आणि मधल्या सुट्टीत 'मी काल बाजारात गेलतो' म्हणते, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पुण्यानं दोन वर्षांत आमच्या मुलीचं व्याकरण सुधारलं होतं. याचं तिच्या बापाला जे दुःख झालं, ते ती नापास झाली असती तरी झालं नसतं.

"जायचं," ते म्हणाले.

हे एका बँकेत शाखाधिकारी आहेत. तिथले निर्णय वरच्या ऑफिसात होतात, त्यामुळं घरातल्या निर्णयांवर त्यांची सगळी हौस निघते. रोज जेवण झालं की गच्चीवर सभा. अध्यक्ष ते आणि सभासद मी. गाडीनं जायचं की रेल्वेनं? आदल्या दिवशी निघायचं की पहाटे? चहा कराडला घ्यायचा की साताऱ्याला? "तल्लफ येईल तिथं घेऊ की," असं मी म्हटलं, तेव्हा बिनाजामीन कर्ज मागायला आलेल्या माणसाकडं बघावं तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं.

त्यातच त्यांनी घराण्याच्या ग्रुपवर टाकलं, 'लेकीच्या कॉलेजकडून पालक म्हणून विशेष आमंत्रण. आपले आशीर्वाद असावेत.' लगेच हार आले, नारळ आले, फेटे घातलेले अंगठे आले. एका चुलत दिरांनी ह्यांचं सेवानिवृत्तीबद्दल अभिनंदन केलं. आणि कागलहून वन्संचा फोन आला.

वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. घरचा ऊस, दारात म्हशी, दोन मुलगे, आणि मुलगी नाही. त्यामुळं आमच्या मुलीवर आपला हक्क आमच्यापेक्षा जुना आहे असं त्यांनी केव्हाच ठरवून टाकलंय. बोलतात इतक्या मोठ्यानं, की कागल ते कोल्हापूर एवढ्याशा अंतराला फोन कशाला, असं वाटावं.

"आम्ही बी येतोय," त्या म्हणाल्या.

"अक्का, अगं, ते आईबापासाठी हाय," हे म्हणाले.

"मग आत्या काय रस्त्यावर पडल्याली असती व्हय? आणि गाडी आमची काढूया. तुझ्या त्या डबड्यात माणूस बसतंय?"

दुसऱ्या दिवशी मुलीनं कळवलं की एका विद्यार्थ्यामागं दोनच पास आहेत. मग गच्चीवर तातडीची सभा झाली. अक्काला सांगायचं कोण, एवढा एकच विषय होता. फोनवर सांगितलं तर तिला राग येईल, म्हणून रविवारी कागलला समक्ष जाऊन सांगायचं ठरलं. वाटेत गाडी चालवताना हे वाक्य घोकत होते, "अक्का, कॉलेजचा नियम हाय, आमचं काय चालत न्हाय." दर वेळी आवाज थोडा कमी होत होता.

आम्ही पोचलो तर वन्संची म्हैस नुकतीच व्यायलेली. ह्यांच्या हातात वाडगाभर खरवस आला आणि खरवसाबरोबर ते वाक्यही पोटात गेलं. दाजी, म्हणजे वन्संचे यजमान, उठून उभे राहिले आणि कॅलेंडरच्या पाठीमागं पेनानं रस्ता काढून दाखवू लागले. वन्संनी दत्ताला नवस बोलला होता, तो फेडायला जाता जाता नृसिंहवाडी करायची होती.

"वाडी वाटंवर कुठं हाय, दाजी?" हे म्हणाले. "पुणं वर, वाडी तिकडं बाजूला."

"हायवेनं गेलास तर बाजूला," दाजी शांतपणे म्हणाले. "आपण हायवेनं न्हाईच जायाचं. वाडी, सांगली, आणि मग पेठला हायवे. उलट जवळ पडतंय."

बँकेत रोज लोकांना 'न्हाई' म्हणणारा माणूस दाजींच्या नकाशापुढं मान हलवत बसला.

मला वन्संनी स्वयंपाकघरात नेलं. तिथं त्यांनी मुलीला फोन लावला आणि चीक फ्रीजरमध्ये ठेवलाय, येताना खरवस करून आणते, असं सांगितलं. पलीकडून मुलगी म्हणाली, "आत्या, कॉलेजच्या कामासाठी मी आपलं बोलणं रेकॉर्ड करतेय हं. चालेल ना?"

"कर की! आधी मला सांग, साखरंचा करू का गुळाचा?"

गुळाचा ठरला. वन्संनी फोन ओट्यावर पालथा घातला आणि माझ्याकडं वळून एकदम आवाज खाली आणला. म्हणजे शेजारच्या घरी जाणार नाही इतपत.

"वैनी, हडपसरला एक पोरगा हाय. मूळचं मलकापूरचं घर. पगार झकास. डोक्यावर केस जरा कमी हायत, पण ते काय, लगीन झाल्यावर सगळ्यांचंच जात्यात. आई लई शानी हाय, पण ती ऱ्हाती मलकापुरात, आपल्याला तरास न्हाय. त्या शनवारी ती बी पुण्यात हाय. संध्याकाळी नुसतं चहाला जाऊन यायचं. पोरीला सांगू नको."

"वन्सं, तिला न सांगता कसं?"

"बघायला म्हणून कुठं चाललोय? चहाला."

मी ह्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आणखी एक सभा झाली असती. येताना गाडीत हे म्हणाले, "नियमाचं राहिलंच की सांगायचं." दोन माणसं कमी करायला गेलो होतो. ती तर कमी झाली नाहीतच, वर एक देवस्थान आणि एक स्थळ वाढवून आम्ही घरी आलो. रात्री मुलीला कळवलं, आत्या आणि दाजी येतायत, पासाचं काय करायचं? तिनं फक्त 'बघते' असं लिहिलं.

शनिवारी वाडीला दर्शन झालं, पेढे झाले. सांगलीत दाजींचा जवळचा रस्ता एका लग्नाच्या वरातीत घुसला. कराडचा चहा साताऱ्याला झाला आणि साताऱ्याचा झालाच नाही. पुण्यात शिरेपर्यंत दुपार कलली होती, आणि हडपसरला चहाला जाणं आता जमणार नाही हे वन्संच्या लक्षात आलं. पण हार मानणं त्यांच्या स्वभावात नाही. त्यांनी गाडीतूनच फोन लावला. "तुमीच या की हिकडं कॉलेजात! आमच्या पोरीचं प्रदर्शन हाय, बघा आणि जावा!" मग पुढच्या सीटवरून ह्यांनी विचारलं, "कोण गं?" तर म्हणाल्या, "हायत एक पावणं."

गेटवर मुलगी चार कार्डं घेऊन उभी होती. दोन आमची. दुसरी दोन तिच्या खोलीतल्या मैत्रिणीच्या वाट्याची. मैत्रीण गुवाहाटीची, तिच्या आईवडिलांना एवढ्या लांबून येणं जमणार नव्हतं. कार्डावर 'पालक' असं इंग्रजीत, आणि खाली त्या मुलीचं नाव.

"म्हंजे मी हिची कोण?" वन्संनी गळ्यात कार्ड घालता घालता विचारलं.

"आजच्यापुरती आई," मुलगी म्हणाली.

वन्सं कुठलंही काम अर्धवट घेत नाहीत. आत गेल्या गेल्या त्यांनी आमच्या मुलीला बाजूला सारून त्या मैत्रिणीला शोधून काढलं, तिच्या दंडाला धरून अंदाज घेतला आणि "ही काय खाती का न्हाई?" असं तिच्या प्राध्यापकांना विचारलं. प्राध्यापक इंग्रजीत काहीतरी म्हणाले. तोवर डबा उघडून झाला होता. मागच्या भिंतीवर 'येथे खाद्यपदार्थ आणू नयेत' असं सुबक अक्षरात लिहिलं होतं, बहुधा तेही कुणाचं तरी डिझाइन असावं. त्या पाटीखाली उभं राहून गुवाहाटीची पोर खरवस खात होती आणि दाजी तिच्या कामाचा कागद उलटा धरून "झकास, झकास" म्हणत होते.

आमच्या मुलीचं काम हॉलच्या कोपऱ्यात होतं. साधं जेवणाचं टेबल, चार खुर्च्या, चार स्टीलची ताटं, आणि प्रत्येक ताटात हेडफोन. वर नाव होतं, 'स्पीकरवर'. तिनं वर्षभर घरचे फोन रेकॉर्ड केले होते. प्रत्येक वेळी विचारूनच. आम्ही प्रत्येक वेळी 'बरं बरं' म्हटलं होतं आणि कशाला बरं म्हणतोय ते ऐकलं नव्हतं.

ह्यांनी एक हेडफोन लावला, मी एक. माझ्या कानात आमचं घर सुरू झालं. हे बोलतायत, वन्सं बोलतायत, मागं कुकरची शिट्टी होतेय, आणि अधूनमधून मी. माझी वाक्यं तिनं एकापुढं एक जोडली होती. "जेवलीस का?" "झोप होते का?" "जेवलीस का?" "बरं, ठेवतो." वर्षभरात मी लेकीशी एवढंच बोलले होते. हेडफोन काढायला हवा होता, मागं माणसं उभी होती. मी डोळे मिटून तो तसाच ठेवला.

डोळे उघडले तर समोर ह्यांचा चेहरा पडलेला. त्यांनी वाकून माझ्या कानातला हेडफोन सरकवला.

"हडपसरचं पोरगं काय हाय?"

म्हणजे स्वयंपाकघरातलं बोलणंही रेकॉर्ड झालं होतं. वन्संनी त्या दिवशी फोन पालथा घातला होता, बंद केला नव्हता. मी हेडफोन ताटात टाकून उठेपर्यंत दारातून वन्संचा आवाज आला, "या, या! बसा हितं, खुर्चीवर बसा की!" मलकापूरच्या बाई छान इरकल नेसून आल्या होत्या. मागं त्यांचा मुलगा, डोक्यावर खरंच केस कमी. दोघांच्या गळ्यात वन्संचं आणि दाजींचं कार्ड, वन्संनीच गेटवर नेऊन दिलेलं. बाई ह्यांच्या रिकाम्या झालेल्या खुर्चीत बसल्या आणि 'काय हाय बघू' म्हणत त्यांनी ताटातला हेडफोन उचलला.

मी, हे आणि मुलगी, तिघं नुसते उभे. काय ऐकू येतंय हे वन्संना माहीत नव्हतं, त्या कौतुकानं बघत होत्या. बाईंनी सगळं ऐकलं. मग हेडफोन काढला, पदरानं पुसला आणि जपून ताटात ठेवला.

"आवाज स्वच्छ येतोय," त्या म्हणाल्या. मग वन्संकडं वळल्या. "मी मलकापुरातच ऱ्हाती. तुम्हास्नी तरास न्हाय."

वन्संनी घाईघाईनं वाडीच्या पेढ्यांचा पुडा काढला. मुलानं हेडफोन लावला, ऐकता ऐकता त्याचा हात आपोआप डोक्यावरून फिरला आणि तो मोठ्यांदा हसायला लागला. त्यालाही 'प्रदर्शन बघायला' म्हणूनच आणलं होतं. मागचा गोंगाट ठेवूनही शब्द इतके स्पष्ट कसे काढलेस, असं त्यानं आमच्या मुलीला विचारलं, तिनं सांगितलं, आणि दोघं पाच-दहा मिनिटं त्यावर बोलले. मग ती माणसं चहा न घेता गेली.

"मुद्दाम लावलंस?" वन्संनी मुलीला विचारलं.

"आधीच लावलं होतं. तू त्यांना इथं बोलावशील हे मला काय माहीत?"

"मग तवाच सांगायचं न्हाईस, फोन चालू हाय म्हणून?"

"तू मला सांगितलंस का, आत्या? तू कुणाला बघायला चाललीयस ते?"

वन्सं खुर्चीवर बसल्या. हेडफोन त्यांनी उलटा लावला, मुलीनं तो सरळ करून दिला. त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं ऐकलं. दाजी म्हणाले, "काढून टाकायला सांग तिला." वन्संनी नकारार्थी मान हलवली.

"ऱ्हाऊ दे. बोललोय ते बोललोय." मग त्या म्हणाल्या, "पण माझा आवाज एवढा मोठा हाय व्हय?"

दाजी गुवाहाटीच्या मुलीचं काम पुन्हा बघायला गेले.

रविवारचा कार्यक्रम ह्यांनी आधीच आखलेला होता. सकाळी एक देऊळ, मग वस्तुसंग्रहालय, मग जेवण. मुलगी सकाळी मैत्रिणीला घेऊन आमच्या लॉजवर आली ती सरळ पलंगावर आडवी झाली. प्रदर्शनापायी बऱ्याच रात्री जागल्याचं पुटपुटली आणि झोपली. वन्सं गुवाहाटीच्या मुलीला घेऊन तिच्या आईशी व्हिडिओवर बोलायला खाली गेल्या. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं, आणि बोलणं मात्र थांबत नव्हतं, असं दाजींनी वर येऊन सांगितलं. हे ओठावर बोट ठेवून त्यांच्यावर खेकसले.

देवळाची वेळ गेली. संग्रहालय गेलं. ह्यांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली, खिडकीचा पडदा सारखा केला आणि घड्याळ काढून खिशात ठेवलं. मी तिच्या पायाशी बसून राहिले.

ती उठली तेव्हा आमची निघायची वेळ झाली होती. "तुम्ही एवढा वेळ काय केलंत?" तिनं विचारलं.

"काय न्हाय," हे म्हणाले. "तू झोपल्यालीस, ते बघत बसलोतो."