घोणस चावलेल्या सुनेचे शवविच्छेदन

१२ नोव्हेंबर २००१, दुपारचे तीन वाजून चाळीस मिनिटे. कोल्हापुरातल्या शवविच्छेदनगृहात त्या दिवसाचा तिसरा मृतदेह टेबलावर होता. काम सूर्यास्तापूर्वी संपवायचे असल्याने थकायलाही सवड नव्हती. पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा तोंडावर आलेली. हातमोजे चढवताना मी औषधांच्या मात्रा पुटपुटत होते.

"मॅडम, परीक्षा घेनाऱ्यास्नी हितंच बोलवा की," हवालदार म्हणाले. "वास घेऊनच पास करत्यात."

मृत स्त्री बावीस वर्षांची. मलकापूरजवळ भात कापताना घोणस चावली. आमच्या रुग्णालयात दोन दिवस तिचे रक्त गोठेना. मग ती गेली. कारण उघड होते, पण कायद्याला शरीर उघडून पाहावे लागते. लोकांना वाटते, सारे डॉक्टरच कापतो. प्रत्यक्षात कवटी कापणे आणि शेवटी टाके घालणे ही कामे आमचा सहायक करी. अवयव तपासणे आणि मृत्यूच्या कारणाखाली सही करणे हे माझ्याकडे.

पहिली चीर देण्याआधी दार वाजले. तिची सासू होती. पुरुषमंडळी लांब झाडाखाली बसल्याची खात्री करून ती हळू आवाजात म्हणाली, "बाई, पोटात काय हाय का बघशीला? दोन म्हयनं चुकल्यात, असं मला एकटीला म्हनली हुती."

"बघणारच आहे, मावशी. पण आता त्याने काय फरक पडतो?"

"पडतो की! असलं तर येगळं काढून द्या. आईला अग्नी, पर तसल्या जिवाला मातीच द्याची असती आमच्यात. भरल्या पोटी जाळली तर सुनंचा जीव सुटायचा न्हाय."

सर्पदंशात चाव्याची त्वचा आणि काही अवयव विषतपासणीसाठी राखतात. बाकी सारे, गर्भाशयासकट, पोटात ठेवून शिवून टाकतात. एवढ्या लहान गर्भासाठी छापील अहवालात रकाना नव्हता. मी हवालदारांकडे पाहिले.

"माझ्याकडं काय बघताय? लिवा आन् द्या. सासू सुनंसाठी दार वाजीवती, ह्ये मी पयल्यांदाच बघतोय."

गर्भाशय रिकामे नव्हते. सहायकाने न सांगता स्वच्छ कापड पुढे केले. त्यात बांधलेली पुरचुंडी मी दारात दिली, ती सासूने पदराखाली घेतली.

"केवढं हाय, बाई?"

"बोटाच्या पेराएवढं."

"आसूंदे," ती म्हणाली आणि झाडाकडे न जाता मागच्या फाटकाने बाहेर पडली.

टाके पडत होते. मी समासात लिहिले : गर्भ वेगळा करून सासूच्या ताब्यात दिला. लांबी, २.८ सेंटिमीटर.