डेल्फीननं खोडलेला प्रश्न

डेल्फीनला चारचौघांत चिडवायचा हक्क माझा आहे. तिचे वडील आणि माझे वडील एकाच कुळातले, आणि आम्हा क्रो जमातीच्या लोकांत अशा भावंडांचं नातंच चेष्टेचं. चूक झाली की तोंडावर टोचायचं, समोरच्यानं हसून गिळायचं, विषय मिटला. एरवी तिला बोलायची आमच्या लॉज ग्रास गावात कुणाची छाती होत नाही.

जन्मभर ती शाळेच्या स्वयंपाकघरात पातेली ढवळत आली. कोळशाची खाण बंद होणार अशी कुणकुण लागली, तेव्हा विद्यापीठाची माणसं आली. कोळशानंतर आमची घरं कशी तापवायची याचा त्यांना अभ्यास करायचा होता. यापूर्वी असे बरेच येऊन गेले, विचारून गेले, पुन्हा तोंड दाखवलं नाही. म्हणून या वेळी गावानं त्यांच्यावर देखरेखीला आपली मंडळी नेमली आणि प्रमुख केलं डेल्फीनला.

"आधी जेवा," ती त्यांच्यातल्या हॅना नावाच्या मुलीला म्हणाली. "मग काय विचारायचं ते आम्हाला दाखवा. आम्ही हो म्हटलं तरच कुणाच्या दारात जायचं."

हॅनानं प्रश्न वाचून दाखवले. एकापाशी डेल्फीननं हात वर केला. 'कोळसा मिळेनासा झाला, तर हिवाळ्यात तुमच्या घरात काय होईल?'

"हा खोडा."

"पण हाच तर महत्त्वाचा आहे."

"माझ्या म्हाताऱ्या रोझेला आत्यानं स्वतःच्या तोंडानं म्हणायचं, मी गारठून मरेन? आमच्यात वाईट बोललं की संकट ते ऐकतं बाई. आणि मग घर शोधत येतं."

मी कसला गप्प बसतोय! "तुझ्या सूपाबद्दल अख्खं गाव वाईट बोलतं, त्याला कुठं काय झालं?"

"तुझ्या थोबाडाबद्दलही बोलायचे, आर्लो. बघ आरशात."

सगळे खो खो हसले. हॅनानं निमूटपणे प्रश्न खोडला. बाहेरच्या माणसानं आमचं असं ऐकलेलं मी तर पहिल्यांदाच पाहिलं. त्या दिवशी आमची छाती फुगली होती, खोटं कशाला सांगू.

असे अभ्यास वाचून नव्या शेगड्यांचे पैसे देणारं ऑफिस दूर राजधानीत. कोळसा थांबल्यावर ज्यांचे हाल कुत्रं खाणार नाही, ती घरं त्यांना आधी हवी होती. प्रश्नच खोडलेला, त्यामुळे आमच्या अभ्यासात नेमकं तेच नव्हतं. पैसे दुसरीकडे गेले. तुमचं पुढच्या खेपेला बघू, म्हणाले. हॅना फोनवर रडली, पण तिच्यावर कुठल्या तोंडानं चिडायचं? आम्ही सांगितलं तेच तिनं केलं होतं.

खाण बंद पडली. घरोघरी फुकट मिळायचा तो कोळसाही थांबला. विजेवर घर तापवायचं तर बिल कुणी भरायचं? रोझेला आत्या कोट घालून झोपायला लागली. मग नळ गोठून फुटले, पाठोपाठ न्यूमोनिया झाला. दवाखान्यातून घरी आली ती कपडे न्यायला. बिलिंग्ज शहरातल्या वृद्धाश्रमात तिची सोय झाली होती. या वयात तिकडे गेलेलं माणूस परत राहायला येत नाही, हे आम्हाला माहीत आहे.

आत्या आत आवरत होती. डेल्फीन माझ्याशेजारी बर्फात उभी होती.

"बोल ना," ती म्हणाली. "तुझं कामच आहे ते. काहीतरी घाणेरडं बोल माझ्याबद्दल."

मी तिचं ब्लँकेट नीट खांद्यांवर ओढलं. चेष्टा करून मिटेल एवढीच ती चूक असती, तर मी तिला सोडलं असतं का?

तेवढ्यात आत्या काठी टेकत बाहेर आली. भाचीचे गुण गाणं, तिच्यासाठी देवाकडे मागणं, हे आमच्यात आत्याचं कर्तव्यच. दम लागला होता तरी ती थांबली आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं बोलली.

"ही माझ्या भावाची लेक. हिनं शिकलेल्या माणसांना आमचा मान ठेवायला लावला. मला कुणाला वाईट बोलू दिलं नाही. देवा, हिचं घर उबदार ठेव. हिला म्हातारपणी स्वतःच्या घरात राहू दे."

आत्यानं असं मागितलं की भाचीनं तिला काहीतरी द्यायचं असतं. डेल्फीननं अंगावरचं ब्लँकेट काढून तिच्या खांद्यांवर घातलं. वृद्धाश्रमाची गाडी आत्याला घेऊन गेली.

असा आशीर्वाद नाकारता येत नाही. डेल्फीननं तो घेतला.