सुकवारोचं बोलणं मी बदललं

शेठनं पेनाच्या टोकानं सुकवारोचा हात उचलला, उताणा केला अन् परदेशी साहेबाले दाखवला. "इनकी चमड़ी मोटी होती है. दस्ताने दो तो उल्टा काम बिगड़ता है."

मंग माझ्याकडे वळला. "बोल इंग्लिश में. ये भी इन्हीं की बस्ती की है साब, पर देखिए, कैसी बोलती है!"

मी बोलली. वरून मले बरंही वाटलं.

हथखोजच्या त्या लोखंड ओताच्या ढलाई कारखान्यात मी टायपिस्ट होती. बाजार नुकताच खुला झाला होता. आमची गटारावरची लोखंडी झाकणं परदेशात जाऊन राहिली होती. ती हातमोज्यांशिवाय घासाले ठेक्यावरच्या बाया. सुकवारोकाकी त्यातली. खुर्सीपारले आमच्याच गल्लीत राहे.

साहेबानं विचारलं, काम कसं वाटते? मी तिच्या बोलीत विचारलं. ती म्हणाली, "पूछ ओला, ओखर देस मा घलो माईलोगन के हाथ अइसने जरथे का?" त्याच्या देशातही बायांचे हात असेच जळते का, असं.

शेठ माझ्याकडे पाहून राहिला होता.

मी इंग्रजीत सांगतलं, "ती खूश आहे म्हणते."

साहेबानं मान हलवली. म्हणाला, हे काम नसतं तर या उपाशी राहिल्या असत्या. व्यापारानंच गरिबी जाते.

"का कहिस, नोनी?" काकीनं विचारलं. पोरीले ती नोनी म्हणे.

"तुंहर तारीफ करिस."

ती हसली. डोक्यावरचा पदर नीट केला.

त्या दिवसापासून माझा डबा भरलाच वापस येई. बाबा म्हणत, "कावून जेवून नाई राहिली वो?"

आठवड्यानं काकीनं माझ्या टेबलावर ओंजळभर बोरं ठेवली. "तैं मोर मान राखे, नोनी." मंग माझ्यानं राहवलं नाई. सारं सांगून टाकलं.

ती ओरडली नाई. एवढंच म्हणाली, "ओ तो परदेसी आय. तैं तो हमर गली के अस."

काही महिन्यांनी साहेब पुन्हा आला. तोच सवाल. मी काकीचं तेव्हाचं बोलणं शब्दाले शब्द सांगतलं. वर म्हटलं, "मागच्या खेपेले मी खोटं बोलली."

साहेबानं शेठकडे पाहिलं. शेठ म्हणाला, "बाहर."

कारखाना बंद पडला नाई. दस्तानेही आले नाई. माझी नोकरी तेवढी गेली.

काकी अजूनही माझ्याशी बोलत नाई. तिनं माफ करून मले हलकं करावं, हे मागाचा हक्क मले नाई. आता ठेक्यावरच्या बायांच्या तक्रारी मी लिहून देते. कामगार ऑफिसातला बाबू म्हणते, "थोडं नरम लिहा, मॅडम."

नाई लिहत. नाई लिहिणार.