कोपऱ्यापर्यंतची सोबत

रॉटरडॅममधला आमचा डच भाषेचा वर्ग दर वेळी ओळखीनेच सुरू व्हायचा. वस्तीतल्या समाजकेंद्राचा वर्ग, मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी. कधी कुणी नवीन यायचं, कधी जुनं कुणी गळायचं. म्हणून शिकवणाऱ्या बाई सगळ्यांकडून पुन्हापुन्हा तेच वदवून घ्यायच्या. कुठून आलात, कुठे राहता, काय करता. सुरुवातीला प्रत्येकाच्या वाट्याला तीनच वाक्यं होती. भाषा जमायला लागली तशी ती वाढली, आणि समोरच्याचं आयुष्य आम्हाला असं एकेका वाक्याने कळत गेलं.

वर्गात दोघं इजिप्तचे होते. एक अस्यूतचे गृहस्थ, पन्नाशीचे, नेहमी इस्त्रीचा शर्ट. "मी हॉटेलात मासे साफ करतो," हे त्यांचं तिसरं वाक्य. उन्हाळ्यापर्यंत त्याला चौथं जोडलं गेलं: "तिकडे मी शाळेत भूगोल शिकवत होतो." मग पाचवं, "माझी बायको आणि मुली तिकडेच आहेत." दुसरी अलेक्झांड्रियाची, साधारण माझ्याच वयाची, डोक्याला रुमाल बांधणारी. तिने बरेच दिवस "मला एक मुलगी आहे" यापुढे काही सांगितलंच नाही. नंतर कळलं की ती तिकडे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, लोकांना नंबर शोधून द्यायची. डच आकडे उलटे असतात, आधी एकक, मग दशक. आपण मराठीत पंचवीस म्हणतो तसेच, तरी माझी गाडी तिथेच अडायची. हिला मात्र ते पहिल्या आठवड्यात पाठ.

मी सांगायचे, "मी भारतातून आले. माझा नवरा कॉम्प्युटरचं काम करतो. मी घरी असते." पुण्यात आठ वर्षं बँकेत नोकरी केली होती. ते सांगण्याइतकं डच पुढे आलं, पण सांगावंसं वाटलं नाही.

मधल्या सुट्टीत ते दोघं कॉफीचे कप घेऊन अरबीत काहीतरी बोलायचे आणि खो खो हसायचे. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, घेवड्यासारख्या कसल्याशा दाण्यांच्या न्याहारीवरून त्यांचं भांडण आहे, कुणाच्या गावची चांगली यावरून. मिसळीवरून आपल्याकडे चालतं तसंच ते असावं. मला फार बरं वाटलं होतं तेव्हा.

मग ती पानगळ आली. ॲमस्टरडॅमला दिवसाढवळ्या भररस्त्यात एका मुस्लिम माथेफिरूने एका सिनेमावाल्याचा खून केला आणि पुढचे काही आठवडे टीव्हीवर आज कुठे मशिदीला, उद्या कुठे शाळेला, परवा कुठे चर्चला आग लागल्याचं दाखवू लागले. बोललेलं अर्धंच कळायचं, त्यामुळे भीती दुप्पट. मी मुळातच भित्री. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो माझ्या पाठीशी जन्मापासून आहे. रस्त्यात कुणी दोन क्षण जास्त बघितलं तरी मी रस्ता ओलांडून पलीकडे जायचे. आपला रंग सावळा, केस काळे. समोरच्याला काय कळणार आपण कोण आहोत? नवरा म्हणायचा, "अगं, टीव्हीवर दाखवतात तेवढं काही नसतं. आणि प्रोजेक्ट मार्चमध्ये संपतोच आहे." तो गाडीने ऑफिसात जायचा आणि गाडीने परत यायचा, त्याला काय झालंय?

उपाय सांगितला तो सासूबाईंनी, पुण्याहून फोनवर. "टिकली लावत जा गं बाई, चांगली ठसठशीत. लांबूनच कळू दे."

लग्नानंतर दोन वर्षांतच मी टिकली सोडली होती आणि त्यावरून आमची थोडी धुसफूसही झाली होती. आता मी मुकाट्याने ट्रंकेतून पाकीट काढलं आणि रुपयाएवढी लाल टिकली लावून बाहेर पडले. गुण आला! रॉटरडॅममध्ये सुरिनाम या जुन्या डच वसाहतीतून आलेले हिंदुस्थानी पिढ्यान्‌पिढ्या राहतात, त्यामुळे डच माणसाला टिकली नवी नाही. भाजीवाला हसून बोलला, ट्रामचा ड्रायव्हर हसून बोलला. मला वाटलं, सुटले मी. लाज वाटायला हवी होती, पण तेव्हा वाटली नाही हे खरं.

वर्गातही बदल झाला होता. अस्यूतचे गृहस्थ कॉप्टिक, म्हणजे इजिप्तमधल्या जुन्या पंथाचे, ख्रिश्चन होते. त्यांच्या उजव्या मनगटावर आतल्या बाजूला छोटासा क्रूस गोंदलेला होता. त्यांच्याकडे लहानपणीच तसं गोंदतात. आता डिसेंबरच्या थंडीतही त्यांची बाही कोपरापर्यंत वर सरकलेली असायची, आणि ओळख करून देताना हात सगळ्यांना दिसेल असा टेबलावर ठेवलेला. माझी टिकली बघून ते हळूच म्हणाले, "मदाम, तुमचं कपाळावर, माझं मनगटावर." मी हसले. दोघांनाही एकमेकांचं बिंग कळलं होतं. ते आता अलेक्झांड्रियावालीशी अरबीत बोलत नसत. डचमध्ये बोलत, तेही मोजकं.

तिच्यापाशी असं दाखवण्यासारखं काही नव्हतं. तिच्याकडे जे होतं ते लोकांना आधीच दिसत होतं. डिसेंबरात एकदा ट्रामच्या थांब्यावर कुणीतरी तिच्या कोटावर थुंकलं. तिने ते घरी सांगितलं आणि तिचा वर्ग बंद झाला.

दोन आठवड्यांनी तिचा नवरा मुलीला बाबागाडीत घालून वर्गाच्या दाराशी आला. थकलेला, दाढी नसलेला, सभ्य माणूस. बंदरावरच्या गोदामात दुपारपाळीला होता, सकाळी तो मुलीला सांभाळायचा तेव्हा बायको वर्गाला यायची. त्याने मला बाजूला बोलावलं. "तुम्ही आमच्या पुढच्याच गल्लीत राहता. तिला सोबत घेऊन याल का? आणि परत आणून सोडाल?" मी म्हटलं, त्यात काय. तो स्वतःच्या कपाळाला बोट लावून म्हणाला, "तुमच्याकडे हे आहे. तुम्हाला कुणी काही बोलत नाही. तुम्ही शेजारी असलात तर तिलाही बोलणार नाहीत. नाहीतर मी तिला बाहेर पाठवणार नाही. माझी झोप उडते."

म्हणजे माझी टिकली त्याने दोघींना पुरवायची ठरवली होती. मी हो म्हटलं. घरी येताना लक्षात आलं, आजवर मी एकटी भीत होते आणि आता तिची भीतीही माझ्या गळ्यात पडली होती.

तीन आठवडे सुरळीत गेले. मी नऊला बेल वाजवायची, ती खाली यायची, नवरा मुलीला कडेवर घेऊन खिडकीतून हात करायचा. ट्राममध्ये ती माझ्या कोटाची बाही दोन बोटांत धरून बसायची. लहान मूल धरतं तशी. आणि मला दर थांब्याला वाटायचं, आता कुणीतरी चढेल.

जानेवारीत तो चढला. मी कल्पना केली होती तसा कुणी टोळभैरव नव्हता. सत्तरीचा, नीटनेटका म्हातारा, हातातल्या पिशवीतून कांद्याची लांब पात बाहेर आलेली. आमच्या समोर बसला आणि तिच्या मांडीवरच्या कापडी पिशवीकडे बोट करून मोठ्याने म्हणाला, "त्यात काय आहे?" तिने पिशवी जवळ ओढली. "उघडून दाखव. आम्हाला कळायला हवं आता, तुम्ही काय काय घेऊन फिरता." ट्राम निम्मी भरलेली होती. सगळे खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

मग तो माझ्याकडे वळला. आवाज एकदम मऊ. "ही तुमच्याबरोबर आहे का, बाई?"

तिची बोटं माझ्या बाहीवर होती. ती घट्ट झालेली मला कळली.

"नाही," मी म्हणाले. आणि तेवढ्यावर थांबले असते तर! मी हात सोडवून घेतला, बोट कपाळाला लावलं आणि म्हणाले, "मी भारतातली. हिंदू." कुणी न विचारता. वर्गात वर्षभर घोटलेलं ते पहिलं वाक्य इतक्या स्वच्छ उच्चारांत मी पूर्वी कधी म्हटलं नव्हतं.

"तुमचे लोक चांगले असतात," म्हातारा म्हणाला.

तिने पिशवी उघडली. वही काढून मांडीवर ठेवली. मग पेन, एक संत्रं, मुलीचा एक लोकरी हातमोजा. पिशवी उलटी करून दाखवली. म्हाताऱ्याचा उत्साह मावळला, तो पुटपुटत पुढे बघू लागला. तिने एकेक वस्तू परत आत भरली आणि पुढच्याच थांब्यावर उतरली. वर्गाचा थांबा अजून तीन थांबे पुढे होता. मी उठले नाही. ट्राम सुटली तेव्हा ती पाठमोरी उभी दिसली, कुठे जावं ते न कळल्यासारखी.

मी वर्गात गेले. माझी पाळी आली तेव्हा ओळख करून दिली. अस्यूतच्या गृहस्थांनी सुट्टीत विचारलं, "आमची अलेक्झांड्रियावाली कुठे आहे?" मी म्हटलं, बरं नसेल. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग आपली बाही खाली ओढून बटण लावलं.

वर्ग सुटल्यावर मात्र माझं धाबं दणाणलं. तिला परत आणून सोडायचं मी कबूल केलं होतं. ती घरी पोचली असेल का? वाटेत आणखी कुणी भेटलं असेल तर? नवरा विचारेल, तुम्ही कुठे होतात, तेव्हा काय सांगू? ट्रामने उलट येताना मी प्रत्येक थांब्यावर काचेला नाक लावून तिचा रुमाल शोधत होते. तिची बेल मी घाईघाईत दोनदा वाजवली.

दार नवऱ्याने उघडलं, तेही हसून. "या, या. तिचं पोट दुखतंय म्हणून तुम्ही तिला अर्ध्यातून घरी आणून सोडलंत आणि परत वर्गाला गेलात, असं ती म्हणाली. फार उपकार झाले." त्याने मला बसवलं, पुदिन्याचा चहा दिला. ती मुलीला मांडीवर घेऊन समोर बसली होती आणि माझ्याकडे शांतपणे बघत होती. तिचे बूट दाराशी होते, चिखलाने भरलेले. ती ते सगळं अंतर चालत आली होती. नवरा म्हणाला, "तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त आहे." मी कप खाली ठेवला. मला वाटलं, आता हिने मला क्षमा केली आहे, म्हणून तर खोटं बोलली. मला रडू यायला लागलं.

ती मला पोचवायला जिन्याखाली आली. मी काही बोलायच्या आत तिने हात वर केला.

"तुझ्यासाठी नाही सांगितलं मी खोटं," ती आमच्या त्या वर्गातल्या डचमध्ये, एकेक शब्द मांडत म्हणाली. "त्याला खरं कळलं तर तो मला घराबाहेर पडू देणार नाही. मुलीलाही बागेत नेऊ देणार नाही तो. त्याला वाटलं पाहिजे की माझ्याबरोबर कुणीतरी आहे. गुरुवारी नऊला ये. बेल वाजव. कोपऱ्यापर्यंत माझ्याबरोबर चल. तिथून तो दिसत नाही. मग तू जा तुझ्या ट्रामने."

"आणि तू?"

"मी चालत येईन."

मार्चपर्यंत आम्ही तेच केलं. नऊला मी बेल वाजवायची, खिडकीतून तो हात करायचा, मीही हात करायची. कोपऱ्यापर्यंत आम्ही शेजारी शेजारी चालायचो, न बोलता. मग ती डावीकडे, मी उजवीकडे. परतताना तिथेच भेटून तिच्या दारापर्यंत पुन्हा सोबत. मी वर्गात पोचल्यावर पाऊण तासाने ती यायची, कधी पावसाने निथळत, आणि बाई थांबून तिला ओळख करून द्यायला सांगायच्या. ती सांगायची, सगळी वाक्यं, एकही न गाळता.

आम्ही देश सोडायच्या आधीच्या आठवड्यात मी कोपऱ्यावर थांबले. खूप दिवस मनाशी घोकत होते, तेव्हा कुठे तोंडातून निघालं. "आज मी तुझ्याबरोबर चालत येऊ का? वर्गापर्यंत?"

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. नंबर विचारणाऱ्या माणसाला उत्तर द्यावं तशा सरळ आवाजात म्हणाली, "नको. एकटी असले की मला कमी भीती वाटते."